बारा म्हणजे बारा

मागबुराकाच्या बाजारात सांतिगी तुरायच्या हातचा मार न खाल्लेला रेडिओवाला शोधूनही सापडला नसता. आज इथपासून मकेनीपर्यंत जे कोणी रेडिओचं दुकान मांडून बसलेत, त्यातले निम्मे त्याच्याच हाताखाली शिकले आणि त्याच्या फॅनबेल्टचे वळ पाठीवर घेऊन बाहेर पडले. माणूस वाईट होता का? तसं कुणी म्हणणार नाही. विधवेचा रेडिओ फुकटात चालू करून द्यायचा, शुक्रवारी मशिदीत पहिल्या रांगेत दिसायचा. पण दुकानात बसला की डोक्यात राख घालूनच बसायचा. हाताखालच्या पोरानं पेचकस चुकीचा दिला तरी कानाखाली. एक अक्षर समजावून सांगायचं नाही, नुसतं मारायचं. "सांगून कळत नाही, लागून कळतं," असं तो वर अभिमानानं म्हणायचा, आणि लोकही मान डोलवायचे. लोकांचं काय जातं?

आमच्याकडे कुठलाही उस्ताद सगळी विद्या एकदम देत नाही. एक गाठ स्वतःजवळ राखून ठेवतो. पोरगं वर्षानुवर्षं राबतं, आणि मग एक दिवस त्याची मोकळीक होते. पोरानं कोंबडा आणायचा, मानाची कोलाची फळं आणायची, उस्तादानं त्याच्या हातावर पाणी घालायचं आणि त्याला बाजूला घेऊन ती राखलेली गाठ सोडून दाखवायची. त्याआधी पळून गेला तो जन्मभर अर्धाच राहिला. शिंप्याची गाठ कापणीत असते, सोनाराची सांधा जोडायच्या डाकात. सांतिगीची मीटरात होती.

त्याचं खरं नाव झालं होतं ते घरी बांधलेल्या सप्लायमुळं. जनरेटरची वीज ट्रान्सफॉर्मरनं खाली आणायची, चार डायोडांतून एका दिशेनं वळवायची, मोठ्या कंडेन्सरात थोपवायची, आणि बाहेर काय पडतंय ते मोजायचं. मेख इथंच आहे. रिकाम्या सप्लायवर मीटर लावलं तर काटा उगाच चढून बसतो, बारा व्होल्टच्या जागी सोळा दाखवतो. ओझं टाकलं की खाली येतो. म्हणून भारी सेटासाठी सप्लाय बांधला की सांतिगी त्याच्या तारांना लॉरीचे जुने हेडलाइट जोडायचा, ते पेटले की मगच काटा वाचायचा. हे सगळं तो पोरांकडं पाठ करून, अंगानं मीटर झाकून करायचा. पोरांना भिंतीवर उजेड दिसायचा आणि उस्तादाची पाठ दिसायची, एवढंच.

वांडी त्याच्याकडं आला तेव्हा पोरसवदा होता. पूर्वेकडच्या मेंडे जमातीचा, आईबाप गेलेले, चुलत्यानं आणून टाकला. काम शिकणारं पोर उस्तादाच्या घरीच राहतं, त्यामुळं तो याबोमच्या पदरात पडला. याबोम म्हणजे सांतिगीची बायको. तिच्या पोटी मूल टिकलं नव्हतं. तिनं वांडीला असं धरलं की सोडायलाच तयार नाही. माशाचं डोकं घरच्या धन्याच्या ताटात जायचं, तर ही ते कसाव्याच्या पाल्याखाली लपवून वांडीच्या वाटीत घालायची. तो तिला मा म्हणायचा. सांतिगीला उस्ताद म्हणायचा, आणि त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहायला बघायचा.

एक दिवस सांतिगी मशिदीत गेला असताना वांडीनं नव्या सप्लायवर इमामाचा छोटा रेडिओ जोडून पाहिला. काटा सोळावर होता. त्याला वाटलं, उस्ताद करतो तसं जोडलं की येईल खाली. एवढ्याशा रेडिओचं ओझं ते किती? काटा जागचा हलला नाही आणि रेडिओतून धूर निघाला. सांतिगी परत आला तो जळका वास घेतच. पट्टा हाताशी नव्हता, म्हणून नुसत्या पंजानं मारत सुटला, एकाच कानावर. "बारा म्हणजे बारा. काटा बाराच्या वर असला तर तार लावायची नाही. किती? बोल, किती?" पोरगं बारा, बारा म्हणून ओरडत होतं आणि हा तरी मारत होता. याबोम मध्ये पडली तर तिलाही एक लागली. वांडीच्या डाव्या कानातून रक्त आलं, आणि त्या कानानं त्याला पुन्हा काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा त्याची चटई रिकामी होती. याबोमनं त्यानंतर कितीतरी दिवस नवऱ्याशी तोंड उघडलं नाही. पण रांधून वाढत राहिली.

मग लढाई आली. ती कशी आली, कोणाची होती, हे विचारू नका. आम्हाला आधी धूर दिसला आणि मग माणसं. बंडवाल्यांनी गाव घेतलं, बाजार पेटवला, पळता आलं ते पळाले. सांतिगीनं हत्यारांची पेटी सोडून निघायला वेळ लावला, आणि त्या पायी दोघं नवराबायको सापडली. त्यांना हाकलत शाळेत आणलं. शाळेच्या पटांगणात फळ्यांची शेकोटी चालू होती आणि विहिरीपाशी तीन मुडदे पडले होते. त्यातला एक सांतिगीच्या शेजारचा खाटीक होता. त्याचे हात कोपरापासून नव्हते. याबोमनं नवऱ्याची बाही धरली ती सोडली नाही, शेवटी एकानं बंदुकीच्या दस्त्यानं तिची बोटं ठेचली तेव्हा सुटली.

त्यांच्या म्होरक्याला सुकी मिरची म्हणत. हे लढाईतलं नाव. आईबापांनी काय ठेवलं होतं ते विचारायची कुणाची छाती नव्हती. बुटका माणूस, गळ्यात ताईत, शाळेच्या ओसरीत हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून आंबा खात होता.

"पा," तो सांतिगीला म्हणाला, वडीलधाऱ्याला म्हणतात तसंच, "तू रेडिओचा डॉक्टर म्हणे. माझा पेशंट मेलाय. उठव त्याला."

टेबलावर मोठा बिनतारी सेट होता. गाडीच्या बॅटऱ्या संपल्या होत्या, सोलरची पाटी गोळीनं फुटली होती, राहिला होता एक जनरेटर. नदीपलीकडच्या तुकडीशी बोलल्याशिवाय दारूगोळा येणार नव्हता.

"सूर्य त्या उंच सावरीच्या झाडामागं जायच्या आत हा बोलला पाहिजे," सुकी मिरची म्हणाला. "बोलला तर बायको घेऊन घरी जा. नाही बोलला तर बायको त्या खाटकाशेजारी. तुला नाही मारणार. तुला बघत बसवीन."

याबोमला रांधायला मागच्या स्वयंपाकघरात नेलं. सांतिगी सेटाच्या तारा बघायला खाली बसला तेव्हा समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि मान तिरपी करून उजवा कान त्याच्याकडं केला.

"ओळखलंत का उस्ताद?"

"वांडी."

"कमांडर वांडी. मीच सांगितलं यांना, माझा उस्ताद गावातच आहे म्हणून. या कानात बोला, त्या डाव्यातून काही जात नाही. तुम्हाला ठाऊकच आहे."

सांतिगी कामाला लागला. भाताच्या गिरणीतल्या बॅटरी चार्जरचा ट्रान्सफॉर्मर काढला, जळक्या लॉऱ्यांतले डायोड काढले, चर्चच्या अॅम्प्लिफायरमधले कंडेन्सर. ट्रान्सफॉर्मरचं दुसरं वेटोळं नव्यानं गुंडाळलं. पटांगणात मधूनच कुणाला तरी मारत होते, त्याचा आवाज यायचा आणि एकदम थांबायचा. सांतिगी मान वर करत नव्हता. पण उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याचा डाक चुकला. वांडी मध्येच कुठंतरी जाऊन आला, आणि मग मागं उभा राहून बघत होता.

"हात नीट," वांडी म्हणाला. "कानाखाली देऊ का?"

बंदूकवाली पोरं हसली. सांतिगीनं डाक पुन्हा लावला.

जनरेटर चालू केला. सांतिगीनं मीटर लावलं आणि सवयीनं पाठ फिरवायला गेला. वांडीनं खांदा धरून त्याला परत वळवलं. काटा सोळावर होता.

वांडीचा चेहराच बदलला. "सोळा," तो म्हणाला. "किती हवेत उस्ताद?"

"थांब जरा. दिवे जोडतो, मग बघ."

बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. दोन दात तिथंच पडले. तो उठायला गेला तर दुसरा घाव खांद्यावर आला, मग लाथा सुरू झाल्या. "बारा म्हणजे बारा," वांडी म्हणत होता, एकेका शब्दाला एकेक लाथ. "किती? बोल, किती? सेट जाळायचाय तुला? माझा कान फोडलास ना याच सोळापायी?"

सुकी मिरची खुर्चीतून उठून आला. "काय झालं?"

"सोळा दाखवतंय. सेट बारावर चालतो. जोडला की धूर निघेल."

"पा, हे खरं का?"

सांतिगीनं तोंडातलं रक्त थुंकलं. आणि मग जे त्यानं एकाही पोराला कोंबडा घेतल्याशिवाय सांगितलं नव्हतं, ते धुळीत पडल्या पडल्या भडाभडा सांगितलं. "सोळा आहे ते रिकामं आहे म्हणून. डोक्यावर काही नसलं की माणूस ताठ चालतो, पोतं ठेवलं की वाकतो, तसं. हा सेट नुसता ऐकतो तेव्हा हलका, तेवढा वेळ सोळाही सोसतो, पण बोलायचं बटण दाबलं की भारी ओझं ओढतो. एवढं ओझं पडलं की सोळाचे तेरा होतात. दिवे लावून बघा, ते पेटले की काटा खाली येईल. इमामाचा रेडिओ चिमुकला होता, त्याला तेवढं ओझंच नव्हतं, म्हणून जळला. वांडी, अरे, तुझं तेवढंच चुकलं होतं."

वांडी हसला, अगदी कडू.

"कमांडर, हा दिव्यांचा खेळ मी सहा वर्षं बघितलाय. पाठ फिरवून दिवे लावायचा, काटा खाली पाडायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा. चोरी नव्हती तर पाठ का फिरवायचा? खरं असतं तर मला तेव्हा सांगितलं नसतं? कान फोडायच्या आधी?"

सांतिगी मीटराकडं सरकायला लागला.

"मला ते पोतं न् ताठ काही कळत नाही," सुकी मिरची म्हणाला. "सेटावर लिहिलंय बारा. मीटर दाखवील बारा. कर."

"बारा केले तर बटण दाबल्यावर नऊच उरतील, तो बोलणार नाही हो. ऐकेल, पण बोलणार नाही."

"आणायला सांगू का बाईला?"

सांतिगी उठला. डावा हात उचलत नव्हता, एका हातानं वेटोळ्याचे वेढे सोडत गेला. एक वेढा सोडायचा, मोजायचं. पुन्हा एक सोडायचा, पुन्हा मोजायचं. प्रत्येक वेढ्याला याबोम थोडी थोडी मरते आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी सोडत होता, कारण न सोडता ती आत्ताच मेली असती. काटा बारावर आला. वांडीनं स्वतः वाकून पाहिलं आणि मान हलवली.

सेट जोडला. सेटावरचा दिवा लागला, खरखर झाली आणि पलीकडून स्पष्ट आवाज आला, "सुकी मिरची, सुकी मिरची, बोल." पोरांनी बंदुका वर केल्या, कुणीतरी हवेत गोळ्या झाडल्या. वांडीनं सांतिगीकडं बघितलं. बघितलंत, असं त्याच्या डोळ्यात होतं. लहान पोराचं असतं तसंच.

सुकी मिरचीनं बटण दाबलं. दिवा गेला. बटण सोडलं, दिवा आला, आवाज आला, "बोल की." दाबलं, गेला. सगळे टेबलाभोवती जमलेले. पलीकडचा म्हणाला, "काय रे, पिऊन पडलास का?" आणि तिकडं दोनचार जण हसले. ते हसणं या सगळ्या पोरांनी ऐकलं. एकजण नकळत हसला, त्याला सुकी मिरचीनं तिथल्या तिथं मांडीत गोळी घातली. मग तो सांतिगीकडं वळला. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"पा, मी लढतो, मला यातलं कळत नाही. म्हणून साधं विचारतो. चूक एकाची आहे. तुझी असेल तर बाई जाते. याची असेल तर हा जातो. बाराचा हुकूम कुणाचा होता?"

हुकूम सुकी मिरचीचाच होता हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. ते बोलणारा कोण?

सांतिगीनं झाडाकडं पाहिलं. सूर्य फांद्यांना टेकला होता. त्यानं वांडीकडं पाहिलं नाही. त्याला याबोमची ठेचलेली बोटं तेवढी दिसत होती.

"याचा," तो म्हणाला. "वांडीचा."

वांडीनं बंदूक उचलली नाही. मान तिरपी करून उजवा कान पुढं केला होता, म्हणजे शब्द त्याला नीट ऐकू आला होता.

"उस्ताद खरं बोलतोय," तो म्हणाला. "बारा मीच म्हणालो. पण कमांडर, यानं मला कधी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मला समजलं असतं. मी काही मठ्ठ नव्हतो."

सुकी मिरचीनं त्याला पहिली गोळी पोटात घातली, आणि तो पडल्यावर दुसरी डोक्यात. रक्त टेबलाच्या पायापर्यंत आलं. दोघांनी त्याला ओढत नेलं.

"आता तुझ्या रीतीनं कर," सुकी मिरची म्हणाला.

आणि सांतिगीनं केलं. हेच मला अजून पचत नाही. त्या ओल्या फरशीवर मांडी घालून त्यानं वेढे पुन्हा चढवले, लॉऱ्यांचे दिवे मागवले, ते पेटले तेव्हा काटा तेरावर आला. पाठ फिरवली नाही, सगळ्यांसमोर केलं. कुणाला शिकायचंच नव्हतं. सुकी मिरचीनं बटण दाबलं, सेट बोलला, आणि तो नदीपलीकडच्याला आईवरून शिव्या देत हसायला लागला. हातानंच त्यानं सांतिगीला सांगितलं, जा, घेऊन जा बाईला.

याबोम कुटलेल्या मिरचीच्या हातांनीच बाहेर आली. नवऱ्याचं तोंड बघून तिनं पदराचं टोक त्याच्या ओठाला लावलं. दोघं फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली. तिनं दोनदा मागं वळून बघितलं.

"शेवटी दोन गोळ्या लागोपाठ ऐकल्या मी. वांडी कुठाय?"

"चल तू."

"तो मघाशी आला होता स्वयंपाकघरात. माझ्या हातचं खाऊन गेला. माझी बोटं बांधून दिली. म्हणाला, मा, भिऊ नकोस, सेट चालला नाही तरी तुम्हा दोघांना मागच्या वाटेनं काढतो. उस्तादाला जरा घाबरवतो म्हणाला, आणि मग काढतो. दोघांना म्हणाला. मला एकटीला नाही."

सांतिगी थांबला.

"कुठाय तो?"

त्यानं सांगितलं. काहीच न लपवता सांगितलं, कोणी विचारलं, त्यानं कुणाचं नाव घेतलं, सगळं. "तुला मारणार होते," तो म्हणाला. "मी तुझ्यासाठी केलं."

"माझं नाव पुढं करू नकोस," याबोम म्हणाली. "लहान होता तेव्हापासून मारत आलास त्याला. आज पुरा मारलास."

ती मागं वळली. सांतिगीनं तिचं मनगट पकडलं, तिकडं गेलीस तर तुझाही मुडदा पडेल, वेडी झालीस का, असं काहीबाही बोलत तिला ओढायला लागला. तिनं दुसऱ्या हातानं, ठेचलेल्या बोटांनीच, त्याच्या फुटलेल्या तोंडावर मारलं. एकदा नाही, तो खाली बसेपर्यंत मारत राहिली. मग चालायला लागली. सांतिगी रस्त्यात बसून तिच्याकडं बघत होता, आणि ती फाटकाजवळ पोचायला आली तसा उठला आणि तिच्या मागोमाग गेला.

फाटकावरच्या पोरानं बंदूक रोखली. याबोम थांबली नाही. "माझा मुलगा न्यायला आलेय," ती म्हणाली, आणि त्या पोरानं काय मनात आणलं कोण जाणे, नळी खाली केली. आत सुकी मिरची अजून सेटावर हसत होता.

वांडीला संडासामागं टाकला होता, पालथा. याबोमनं त्याला उताणा केला, तोंडावरची माती पदरानं पुसली, डोळे मिटवले. पदर कमरेला खोचला आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला वर उचलला. एकटीला पेलेना. सांतिगी चार हात लांब उभा होता, जवळ यायला धजत नव्हता.

"पाय धर," ती म्हणाली.

सांतिगी पुढं झाला, वाकला आणि त्यानं वांडीचे पाय धरले.